‘वस्तीत थारा देऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, मलाच चार ग्रुपवर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. दहशतवादाच्या केसमध्ये आत गेलेला माणूस कधी सुधारत नाही, ग्वांतानामोतून (क्युबातला अमेरिकेचा तुरुंग) सुटलेला दर तिसरा परत दहशतवादाकडेच गेला. सुधारणा कार्यक्रम म्हणजे नुसतं नाटक. जगात कुठलाच समाज अशांना स्वीकारत नाही. सरकारं त्यांच्यावर पैसे उधळतात आणि ज्यांची माणसं गेली त्यांना कोणी विचारत नाही. म्हणून सुटलेल्याला घर देऊ नका, काम देऊ नका, म्हणजे आपण सेफ. यातला एक मुद्दा मला बऱ्यापैकी पटतो, तो पुढे येईलच. बाकीचे बघू.

आधी तो ‘दर तिसरा’. हा आकडा आला कुठून माहितीये? अमेरिकन सरकारच्याच रिपोर्टमध्ये दोन वेगळे आकडे असतात, परत गेल्याचं नक्की झालेले साधारण १७ टक्के आणि नुसता संशय असलेले साधारण १४ टक्के, मेसेजवाल्यांनी दोन्हीची बेरीज केली आणि संशयाला खात्री करून टाकलं. गंमत म्हणजे त्याच रिपोर्टमध्ये पुढची ओळ आहे ती कोणी फॉरवर्ड करत नाही. जानेवारी २००९ नंतर एकेकाची फाइल नीट तपासून मग सोडायला लागले, आणि त्या लोकांत नक्की परत गेलेल्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे कोणाला सोडता आणि कसं सोडता यावर सगळं बदलतं.

दुसरीकडचेही आकडे घ्या. ब्रिटनमध्ये २०१३ ते २०१९ या सात वर्षांत दहशतवादाच्या गुन्ह्यातले १९६ जण सुटले, त्यातले ६, म्हणजे ३ टक्के, परत तसल्याच गुन्ह्यात दोषी ठरले. बेल्जियममध्ये १९९० पासूनच्या साडेपाचशेवर जणांचा अभ्यास झाला, तिथे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत. इंडोनेशियात जास्त आहे, २००२ ते मे २०२० मध्ये सुटलेल्या ८२५ पैकी ९४, म्हणजे ११ टक्क्यांच्या वर. आता साध्या गुन्हेगारांचं बघा, अमेरिकेत २००५ साली ३० राज्यांतून सुटलेल्यांपैकी चारातले तीन पाच वर्षांत परत पकडले गेले. (अटक आणि शिक्षा ही दोन वेगळी मापं आहेत, त्यामुळे शेजारी शेजारी ठेवून भांडू नका, पण फरक केवढा आहे ते कळतं.) आणि हो, ३ टक्के म्हणजे शून्य नाही. चोर परत चोरी करतो तेव्हा मोबाईल जातो, इथे एकच परत फिरला तर माणसं जातात. तेव्हा भीती खोटी आहे असं मी म्हणत नाहीये, ‘कधीच सुधारत नाही’ हे खोटं आहे.

अजून एक, ‘आत गेला’ म्हणजे ‘केलं’ असं मेसेज धरूनच चालतो. ग्वांतानामोत एकूण ७८० च्या आसपास माणसं ठेवली होती आणि खटला चालून दोषी ठरलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथे उइगुर (चीनमधले मुस्लीम) होते, त्यांच्यापासून धोका नाही हे अमेरिकेनेच मान्य केलं तरी घ्यायला कोणी तयार होईना, शेवटी कोणी अल्बेनियात तर कोणी बर्म्युडात. मेसेजच्या हिशोबाने हे पण कायमचे अतिरेकीच.

आता ‘सुधारणा कार्यक्रम नाटक’. इथे मेसेजच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण नाटक करणारे आहेतच. दहशतवादाच्याच गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटलेला उस्मान खान लंडनच्या फिशमाँगर्स हॉलमध्ये कैद्यांच्या पुनर्वसनाच्याच कार्यक्रमाला पाहुणा म्हणून आला आणि तिथेच त्याने दोघांना मारलं, २९ नोव्हेंबर २०१९. व्हिएन्नात २ नोव्हेंबर २०२० ला चौघांना मारणारा पण लवकर सुटलेलाच होता, सुधारल्याचं सोंग त्याने पटवलं असं तिथले गृहमंत्री म्हणाले. सौदीच्या सुधारणा केंद्रातून बाहेर पडलेला सईद अल-शिहरी तर जानेवारी २००९ मध्ये येमेनमधल्या अल-कायदाचा उपप्रमुख म्हणून व्हिडिओतच दिसला. हे लपवून कशाला ठेवायचं.

पण मग ७ डिसेंबर २०२२ ही तारीख पण लक्षात ठेवा. त्या एका दिवशी इंडोनेशियात दोन गोष्टी झाल्या. बालीच्या २००२ च्या स्फोटात (२०२ माणसं गेली होती) बॉम्ब बनवायला हात लावलेला उमर पाटेक पॅरोलवर बाहेर आला, जगभर आरडाओरडा झाला. आणि त्याच दिवशी बांडुंगच्या एका पोलीस ठाण्यात आत्मघाती स्फोट झाला, एक पोलीस गेला. तो स्फोट करणाराही आधी आत जाऊन आलेलाच, २०२१ मध्ये सुटलेला. फरक असा की हा बांडुंगवाला सुधारणा कार्यक्रमात सामीलच व्हायला तयार नव्हता, अधिकाऱ्यांनी त्याला कट्टर म्हणूनच ठेवलं होतं, शिक्षा संपली म्हणून सुटला. पाटेकने कार्यक्रम केला, इतर कैद्यांशी बोलला, आणि २०२५ मध्ये त्याने कॉफीचा ब्रँड काढला. म्हणजे कार्यक्रम सगळ्यांवर चालतो असं नाही, पण कोण त्यात येतो आणि कोण नाही यावरूनच बरंच कळतं, मग ते कळल्यावर नजर कोणावर ठेवायची हे ठरवता येतं ना.

‘कुठलाच समाज स्वीकारत नाही’ हे तर सरळ चूक. ज्यांनी खरोखर भोगलंय त्यांना जाऊन विचारलंय लोकांनी. आयसिसच्या ताब्यातून सुटलेल्या, इराकमधल्या मोसुलमध्ये सुमारे १४०० जणांना विचारलं, आणि लोक सरसकट बोलत नाहीत हे दिसलं. बंदूक घेऊन लढलेला वेगळा, आणि त्यांच्याकडे स्वयंपाक केलेला नाहीतर झाडू मारलेला वेगळा, त्याला माफी किंवा समाजसेवा चालेल असं म्हणणारे बरेच होते. नायजेरियात मैदुगुरीच्या लोकांनी बोको हराम (तिथली अतिरेकी संघटना) काय ते घरात बघितलंय, तिथे विश्वासातल्या धर्मगुरूने रेडिओवर परत आलेल्यांना सामावून घ्या असं सांगितलेलं ऐकवलं तर लोकांचं मत बऱ्यापैकी बदललं. उत्तर आयर्लंडमध्ये तर १९९८ च्या सार्वमतात ७१ टक्के लोकांनी ज्या शांतता कराराला हो म्हटलं त्यातच दोन्हीकडच्या सशस्त्र गटांच्या कैद्यांना सोडायचं कलम होतं, दोन वर्षांत चारशेच्या वर सुटले. आवडलं का सगळ्यांना? अजिबात नाही, कित्येक घरांत तो राग अजून आहे. तरी पुढे दोन वस्त्यांच्या सीमेवर दगडफेक पेटली की मध्ये पडून पोरांना घरी पाठवणाऱ्यांत हेच जुने कैदी असायचे, कारण पोरं त्यांचंच ऐकायची.

पैशाचा मुद्दा, हा मला पटतो तो. नायजेरियात सरकारी कॅम्पमधून प्रशिक्षण घेऊन माजी लढवय्ये बाहेर पडतात आणि ज्यांची गावं जळली ते अजून तंबूत, मग लोक चिडणार नाहीत तर काय. पाटेकच्या कॉफीवर ऑस्ट्रेलियातले वाचलेले लोक भडकले ते पण मला कळतं, त्यांनी ती कॉफी प्यावी अशी अपेक्षा कोणी करूच नये. फक्त यावरचा उपाय एकाचं बंद करणं नाही, दुसऱ्याला देणं आहे. इंडोनेशियाने २०१८ च्या कायद्याने जुन्या हल्ल्यांतल्या लोकांनाही भरपाईची वाट उघडली आणि डिसेंबर २०२० मध्ये २१५ जणांना ती दिली. उशीर झाला, वर्षानुवर्षं उशीर झाला, पण झालं. पीडितांना आधी द्या, बाकीच्यांचं ऐकून घ्यायला लोक मग तयार होतात.

आणि शेवटचं, थारा देऊ नका. वाळीत टाकलेला माणूस हवेत विरघळत नाही हो. तो कुठेतरी राहणारच, आणि ज्या लोकांनी त्याला आधी जवळ केलं होतं त्यांची दारं चोवीस तास उघडी असतात. पूर्व जावातल्या तेंगुलुन गावात, बालीच्या बॉम्बवाल्या भावांच्याच गावात, त्यांचा चौथा भाऊ अली फौजी सुटून आलेल्यांसाठी संस्था चालवतो. तो स्वतः त्याच वाटेने जाऊन आलेला आहे, त्यामुळे कोण खरं बोलतंय आणि कोण थापा मारतंय हे त्याला वास घेऊन कळत असणार.

उलट उस्मान खान बघा. स्टॅफर्डमध्ये एकटा राहायचा, काम नाही, शेवटच्या काही महिन्यांत लोकांत मिसळणं जवळजवळ बंद. अधिकारी ठरलेल्या वेळी भेटायचे, फॉर्म भरायचे, जायचे. रोज त्याच्या शेजारी बसून काम करणारं कोणी असतं तर गडी हल्ली गप्प गप्प का असतो हे निदान कोणाला तरी खटकलं असतं.