‘एक मोठा कारखाना आला की खान्देश वर येईल’ या दाव्याविषयी

आपल्या भागात एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो. लहान-मध्यम उद्योग म्हणजे पोटापुरती दुकानदारी. त्यातून रोजगार वाढत नाही, सरकार त्यांना उगाच पोसते आणि खान्देशाला एका मोठ्या कारखान्याचीच गरज आहे, असे त्यात म्हटलेले असते.

रोजगाराचा मुद्दा आकड्यांवर टिकत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2015-16 च्या फेरीनुसार देशात सुमारे 6.33 कोटी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग होते आणि त्यांत 11.10 कोटी माणसे काम करत होती. एका उद्योगामागे सरासरी दोन माणसेही येत नाहीत हे खरे, आणि अशा ठिकाणी पगार कमी असतो, भविष्य निर्वाह निधी बहुधा नसतो, हेही मान्य केले पाहिजे. पण त्यावरचा उपाय या उद्योगांना बळ देणे हा आहे. त्यांना हिशेबातून वगळणे नव्हे.

‘पोटापुरती दुकानदारी’ म्हणणाऱ्यांनी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतली एखादी डाळमिल पाहावी. तूर बाजार समितीत येते तेव्हा अडत्या, मापाडी आणि हमाल यांचे काम सुरू होते. मिलमध्ये ती तेल-पाणी लावून वाळवली, भरडली आणि चाळली जाते. चुनी आणि टरफल पशुखाद्यात जाते. आणि बारदानवाल्यापासून टेम्पोवाल्यापर्यंत प्रत्येकाचा पैसा पुन्हा याच बाजारपेठेत खर्च होतो. नंदुरबारला ओली लाल मिरची पथारीवर वाळत पडते तेव्हा देठ खुडणाऱ्या बायकांना जी मजुरी मिळते, ती दूरच्या कारखान्यातून त्यांच्यापर्यंत कधीच पोहोचली नसती.

मोठा कारखाना नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आजची विप्रो 1945 मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली, याचा मलाही अभिमान आहे. मात्र अमळनेर आणि धुळ्याच्या कापडगिरण्या बंद पडल्या तेव्हा एका फाटकावर अवलंबून असलेल्या कुटुंबांचे काय हाल होतात, हेही याच भूमीने पाहिले आहे.

राहिला ‘पोसण्याचा’ आरोप. प्रत्यक्षात लहान उद्योजकच अनेकदा मोठ्या ग्राहकाला बिनव्याजी उधार देत असतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या विकासासाठी केलेल्या 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. तरीही पुढची ऑर्डर जाईल या भीतीने व्याज मागायला कोणी धजावत नाही. खान्देशात मोठा कारखाना अवश्य आणा, पण इथल्या पुरवठादारांची बिले मुदतीत चुकवण्याचे बंधन त्याच्याशी होणाऱ्या करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्या.