दीड वाजताची शेवटची गाडी

बार्शी आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून मी २६ वर्षं काढली. कोणती गाडी कधी फलाटाला लागणार, मुक्कामी गाडीवर कुणाला पाठवायचं, आषाढीला पंढरपूरसाठी जादा गाड्या कुठून काढायच्या, हे सगळं मला झोपेतही सांगता येतं. म्हणून आमच्या मनूची 'नीट', म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, जवळ आली तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, "अभ्यासाचं तिचं ती बघेल. पोहोचवायचं माझ्याकडे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, एकच पोरगी न्यायचीय. वारी नाही न्यायची."

तारीख ४ मे २०२५, रविवार. केंद्र सोलापूर. बार्शीहून वैरागमार्गे साधारण सत्तर किलोमीटर. पेपर दुपारी २ ते ५. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण, आणि उत्तर चुकलं की एक गुण वजा. ही माहिती मनूच्या कामाची. मला त्या प्रवेशपत्रावरची एकच ओळ दिसत होती: दुपारी १.३० नंतर प्रवेश नाही.

हे मला पचायला जड गेलं. आमच्याकडे गाडी फलाट सोडून फाटकापर्यंत गेली, आणि मागून एखादी म्हातारी पिशवी हलवत पळत आली, तर वाहक एक घंटी मारतो. गाडी थांबते. म्हातारी चढते, चालकाला आशीर्वाद देते, मग दोन घंट्या. इथे घंटी मारणारा कुणीच नव्हता.

मी कागद घेतला आणि उलटं वेळापत्रक मांडलं. गेट बंद १.३०. मनूच्या प्रवेशपत्रावर केंद्रावर यायची वेळ ११.३०. म्हणजे घरून १०.४५. म्हणजे जेवण १०. म्हणजे अंघोळ ८.३०. म्हणजे आदल्या दिवशी सोलापुरात मुक्काम, आक्काकडे. तक्ता तीन रंगांच्या पेनांनी लिहून मी फ्रिजवर लावला. दुसऱ्या दिवशी त्याच्या कोऱ्या बाजूला बायकोने दुधाचा हिशोब लिहिला होता.

फोटोचं प्रकरण त्याआधीच होऊन गेलं होतं. एक पासपोर्ट आकाराचा, एक पोस्टकार्ड आकाराचा, चार बाय सहा इंची. पांढरी पार्श्वभूमी, ८० टक्के चेहरा, दोन्ही कान दिसले पाहिजेत. मी स्टुडिओत शेजारी बसून कान मोजले. फोटो हातात आला तेव्हा कान दोन होते, पण मनूच्या हनुवटीवरचा तीळ गायब.

"साहेब, साफ करून दिलाय," फोटोग्राफर कौतुकाने म्हणाला.

"अहो, ती जन्मखूण आहे! फॉर्मवरच्या फोटोत आहे. तिथे तपासणारा म्हणेल, ही दुसरीच मुलगी."

त्याने तीळ परत लावला. उजवीकडे. मनूचा डावीकडे आहे. तिसऱ्या वेळी तो योग्य जागी आला, तेव्हा मनू म्हणाली, "पप्पा, तेवढ्यात माझा एक धडा झाला असता."

मग काय न्यायचं नाही याची यादी. घड्याळ नाही, पट्टा नाही, दागिना नाही, पाकीट नाही, गॉगल नाही, टोपी नाही, बूट नाही, पूर्ण बाह्या नाहीत. लॉगटेबल नाही. पेजर नाही. पेजर! मनूने विचारलं, पेजर म्हणजे काय. मी समजावून सांगू लागलो, तर तिला खरं वाटेना की फक्त 'फोन कर' एवढं सांगायला माणसं कमरेला यंत्र लावून फिरायची. आणि पेनसुद्धा न्यायचं नाही, ते आत मिळतं. माझ्या खिशाला कायम दोन पेनं असतात. परीक्षेला निघालेल्या माणसाला पेन नेऊ नको म्हणणं म्हणजे वारकऱ्याला टाळ घरी ठेव म्हणणं. पण नियम तो नियम.

शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्या तरी जुन्या वर्षाची सूचना फिरत होती की मोठी बटणं चालत नाहीत. मोठं म्हणजे किती, हे लिहिलं नव्हतं. मी शिंप्याकडे जाऊन मनूच्या कुर्त्याच्या बाह्या अर्ध्या करून घेतल्या, बटणं काढून टाकायला सांगितली आणि सलवारीला चेनऐवजी नाडी. शिंपी म्हणाला, "मुलीला तुरुंगात भेटायला जाणार आहात का?"

शनिवारी दुपारी मेव्हण्याच्या गाडीतून आम्ही सोलापूर गाठलं. आक्काने शेंगापोळ्यांचा डोंगर करून ठेवला होता. शेंगापोळी ही फार छान गोष्ट आहे, पण परीक्षेच्या आदल्या रात्री नाही. बायको दहीभातावर अडली, मी म्हटलं दहीभाताने झोप येते, आक्का म्हणाली, "अरं, पोरीला खाऊ दे की दोन घास. उपाशीपोटी डॉक्टर हुतंय का कुणी?" मनूने दोन पोळ्या खाल्ल्या आणि जीवशास्त्र उघडून बसली. सहा माणसं तिच्याभोवती पाय न वाजवता चालत होती, त्यामुळे घरात चोर शिरल्यासारखं वाटत होतं.

रात्री साडेनऊला बायकोच्या लक्षात आलं. चमकी.

मनूच्या नाकात सातवीपासून चमकी आहे. सोन्याची, मागे फिरकीची. इतकी वर्षं ती कुणी काढली नव्हती. माझ्या तीन रंगांच्या तक्त्यात चमकी कुठेच नव्हती. बायको फिरकी फिरवू लागली, ती हलेना. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पकड आणू का गाडीतली?" सगळ्यांनी त्याला बाहेर पाठवलं. आक्काने खोबरेल तेलाची वाटी कोमट करून आणली. मनूला पलंगावर आडवी निजवली, मी मोबाईलची बॅटरी धरली, बायकोने कानकाडीने तेलाचे थेंब सोडले आणि आक्का नखांनी फिरकी चाचपत राहिली. मनूच्या हातात पुस्तक होतं. डोळ्यांतून पाणी वाहतंय, नाकातून तेल, आणि ती पुटपुटतेय, "मूत्रपिंडाचं एकक, नेफ्रॉन." पाऊण तासाने फिरकी सुटली. आक्काने बजावलं, "उद्याच्या उद्या परत घाला रं. भोक बुजतंय लगेच." मी चमकी माझ्या पाकिटात नाण्यांच्या कप्प्यात ठेवली.

त्याआधी संध्याकाळी मी केंद्रापर्यंत चाचणी फेरी मारून आलो होतो. आक्काच्या घरापासून १८ मिनिटं. रविवारी त्यात दहा मिनिटं वाढवली तरी हातात वेळच वेळ. आम्ही बरोबर १०.४५ ला निघालो. मी मागे वळून बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "अजून पोहोचलो नाही आपण."

तिसऱ्या वळणावर परण्या लागला.

घोड्यावर नवरदेव, मारुतीच्या दर्शनाला निघालेला. पुढे डीजेची ट्रॉली, तिच्यापुढे पन्नास पोरं आणि त्यांच्यापुढे फेटा बांधलेले चार काका, जे पोरांपेक्षा जोरात नाचत होते. डाव्या बोळात मांडव, उजव्या बोळात खोदलेला रस्ता. पाच मिनिटांत घोडा सहा पावलं पुढे सरकला. मी मनात गणित मांडलं. या वेगाने नवरदेव मारुतीपाशी पोहोचेपर्यंत त्याला नातवंडं झाली असती.

मी उतरलो. डीजेच्या आवाजात माझं कुणी ऐकेना. एका काकांनी मलाच हाताला धरून नाचायला ओढलं. मग मी ट्रॉलीवर चढलो, त्या पोराच्या हातातला माईक घेतला, आणि २६ वर्षांचा आवाज आपोआप बाहेर आला:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! नीट परीक्षेला जाणारी गाडी मागे उभी आहे. सर्वांनी रस्ता मोकळा करून सहकार्य करावे!"

डीजे बंद झाला. क्षणभर घोडाही थबकला. मग फेटेवाल्या काकांनी स्वतःच सूत्रं हातात घेतली. "ए, सरका रं! नीटची पोरगी हाय! घोडा बाजूला घ्या!" नवरदेव घोड्यासकट एका किराणा दुकानाच्या पायरीशी गेला. आमची गाडी जाताना त्याने मुंडावळ्या बाजूला करून मनूला अंगठा दाखवला. मनूनेही दाखवला. बायको इतका वेळ गप्प होती. पुढे गेल्यावर म्हणाली, "आवाज चांगला लागला आज."

११.२५ ला केंद्रावर. मनू रांगेत, हातात प्रवेशपत्र, फोटो, आधार कार्ड आणि लेबल सोलून काढलेली पारदर्शक बाटली. मी फाटकाच्या जाळीला चिकटून. तपासणीत यंत्र वाजलं. माझ्या पोटात गोळा. बटणं नाहीत, चेन नाही, चमकी नाही, मग काय? आतून मनूने आमच्याकडे बघत खांद्याजवळ बोट केलं. बायको एकाएकी समोरच्या लिंबाच्या झाडाकडे निरखून बघू लागली.

"काय लावलंस तू?"

"गळा जरा मोठा झाला होता," ती झाडाकडेच बघत म्हणाली. "एकच सेफ्टी पिन. लहानशी."

पिन काढली, मनू आत गेली. संपलं माझं काम. पण दीड वाजेपर्यंत मी फाटकापासून हललो नाही. १.२७ ला एक मुलगा रिक्षातून उडी मारून पळत आला. पायात बूट. बाहेर बसलेल्या शंभरेक पालकांनी एका सुरात ओरडायला सुरुवात केली, "बूट काढ! बूट काढ!" तो एका पायावर उड्या मारत लेस सोडतोय, लेसची गाठ बसलेली. दोन बायांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं, मी खाली बसून बूट ओढले आणि माझ्या रबरी स्लीपर त्याच्या पायात सरकवल्या. तो आत गेला आणि फाटक लागलं. दोन घंट्या.

सोलापूरचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन काय असतं, ते अनवाणी माणसाने सांगावं. त्या मुलाच्या बुटात माझे पाय टाचेपर्यंतही जाईनात. मी लिंबाखाली पाय पोटाशी घेऊन बसलो. आक्काने बळेच दिलेली चादर बायकोने अंथरली, आणि मंगळवेढ्याचे एक गुरुजी, मोहोळच्या एक नर्सबाई आणि त्यांची सासू असे आम्ही चौघं-पाच जण तीन तास तिच्यावर बसून राहिलो. कुणीच कुणाच्या पोराचा अभ्यास विचारला नाही. गुरुजींनी फक्त दोन वेळा विचारलं, "किती वाजले?" आणि दोन्ही वेळा मला फार बरं वाटलं.

पाचनंतर फाटक उघडलं. पहिल्या लोंढ्यात तो मुलगा. "काका, स्लीपर," एवढंच म्हणून त्याने माझे पाय बघितले आणि खाली वाकला. मी म्हटलं, बूट घाल आधी.

मनू निवांत आली. पेपर कसा गेला हे विचारायचं नाही, असं बायकोने मला आठ दिवस आधीपासून बजावलं होतं. मग मी विचारलं, "वर्गात घड्याळ होतं का?"

"होतं, पप्पा."

"बरोबर होतं?"

"बरोबर होतं. भूक लागलीय."

उरलेल्या शेंगापोळ्या तिने गाडीत संपवल्या आणि चादरीवर डोकं टेकून झोपली. वैरागला चहाला थांबलो तेव्हा सव्वासात झाले होते. बायको म्हणाली, "चमकी काढा, आत्ताच घालू." मी पाकीट उघडलं. नाण्यांच्या कप्प्यात चमकी होती. फिरकी नव्हती. आम्ही सीटखाली बघितलं, चादर झटकली, मेव्हण्याने बॉनेटसुद्धा उघडलं, का ते त्यालाच ठाऊक.

"बार्शीत सोनार साडेआठला बंद करतो," मी चहाच्या बिलाच्या मागे लिहायला घेतलं. "म्हणजे ८.१५ ला दुकानात. म्हणजे स्टँडपाशी ८.०५. म्हणजे इथून..."

बायकोने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. मग खिशातलं दुसरंही.