वेडा नगराध्यक्ष आणि त्याचा इंजिनिअर

मुलीकडे इंग्लंडमध्ये केंट परगण्यात आलोय. "बाबा, किल्ला बघायचा की बोगदे?" असं तिने विचारलं. उभी नोकरी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात गेलेला माणूस काय उत्तर देणार! सौ.ला किल्ला हवा होता. तिथे समुद्र आहे असं सांगून तिला रॅम्सगेटला नेलं. समुद्र आहेच, पण आधी बराच वेळ आम्ही तिघं जमिनीखाली होतो, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर गावकऱ्यांना हवाई हल्ल्यांपासून लपता यावं म्हणून खोदलेल्या बोगद्यांत.

डोक्यावर हेल्मेट, बाहेर उन्हाळा आणि आत फ्रीज उघडल्यासारखा गारवा. भिंती पांढऱ्याफटक. हा खरा खडूचा दगड. आपण फळ्यावर लिहायचो तो बहुतेक जिप्समचा असतो. खोदायला मऊ आणि खोदल्यावर आधाराशिवाय उभा राहतो, असा दगड मिळायला नशीब लागतं. साधारण सहा फूट रुंद, सात फूट उंच बोगदा, वर साठ ते नव्वद फूट दगड. कधीकाळी रेल्वे बंदरापर्यंत जायची तो १८६३ चा जुना बोगदाही याला जोडून घेतला. सगळं मिळून तीन मैलांहून जास्त. आखणी गावाच्या पोटातून अर्धवर्तुळाकार, कुठल्याही घरातून पाच मिनिटं चाललं की तोंड सापडावं अशी. मी भिंतीवरून हात फिरवत होतो आणि सौ. म्हणत होती, "अहो, चला ना पुढे, लोक थांबलेत."

गाईड छान सांगत होता, पण त्याचा सगळा रोख 'आमच्या माणसांची हिंमत' यावर. मला त्याच्या बोलण्यात वेगळीच गोष्ट ऐकू येत होती. फाईलची गोष्ट.

नगराध्यक्ष होते ए. बी. सी. केम्प. आद्याक्षरं खरोखरच ए. बी. सी. डोक्यावर कायम उंच हॅट. बोगद्यांचा असा ध्यास घेतला की गावाने त्यांना 'वेडा नगराध्यक्ष' नाव ठेवलं. नगरपालिकेचे इंजिनिअर ब्रिमेल यांनी आराखडा केला. पहिल्या महायुद्धात या गावाने बॉम्ब खाल्ले होते, त्यामुळे पुढचं युद्ध आलं तर काय होणार हे यांना वरून कुणी शिकवायची गरज नव्हती. प्रस्ताव लंडनला गेला. नामंजूर. पुन्हा पाठवला. पुन्हा नामंजूर. तिसऱ्या खेपेला मंजुरी आली तेव्हा १९३९ उजाडलं होतं. १ जून १९३९ ला ड्यूक ऑफ केंटच्या हस्ते उद्घाटन, आणि सप्टेंबरात युद्ध सुरू! ज्यांनी तांत्रिक मान्यतेसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्यात त्यांनाच या तारखांची किंमत कळेल.

नामंजुरीमागचा विचार काय, तर त्या वेळच्या सरकारचं धोरण खोल निवाऱ्यांच्या विरोधात होतं. हवाई हल्ल्यांपासून बचावाचं खातं सर जॉन अँडरसन यांच्याकडे. १९३२ ते ३७ बंगालचे गव्हर्नर होते तेच. या प्रश्नावर बसवलेल्या परिषदेचे अध्यक्ष लॉर्ड हेली, आधी पंजाबचे आणि मग संयुक्त प्रांताचे गव्हर्नर. म्हणजे इंग्लंडच्या जनतेने कुठे लपायचं हे ठरवणारी माणसं आपल्याकडून अनुभव घेऊन गेलेली. त्यांची काही कारणं रास्त होती, हे इंजिनिअर म्हणून मान्य करतो. खर्च अफाट, वेळ कमी, सगळीकडे असा दगड नाही, आणि एका जागी गर्दी केली तर धोकाही एका जागी. पण सोबत एक भीती होती, ती मला पटत नाही: लोक एकदा खोल बिळात शिरले की भित्रे होतील, बाहेरच येणार नाहीत, कारखाने ओस पडतील. त्याऐवजी परसात पुरायचे पन्हळी पत्र्याचे निवारे वाटले. तेही अँडरसनसाहेबांच्याच नावाने.

याविरुद्ध जोरात बोलणाऱ्यांत शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन होते. स्पेनमधले बॉम्बहल्ले त्यांनी स्वतः पाहिले होते. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले. लंडनमधल्या फिन्सबरीच्या कौन्सिललाही खोल निवारे हवे होते. त्यांना मिळाले नाहीत. हो, तेच फिन्सबरी, जिथून १८९२ मध्ये दादाभाई निवडून आले. कुठे कुठे जाऊन आपली माणसं भेटतात!

२४ ऑगस्ट १९४०. काही मिनिटांत रॅम्सगेटवर सुमारे ५०० बॉम्ब पडले. बाराशेच्या आसपास घरांची पडझड झाली. मेले ३१. जीव गेलेल्याच्या घरी हा आकडा लहान नसतो, पण बाराशे घरांतली माणसं त्या वेळी कुठे होती याचा हिशेब मांडून बघा. चारच दिवसांनी चर्चिल आले आणि भोंगा झाल्यावर तेही या बोगद्यात उतरले. केम्पसाहेबांनी त्यांना सिगार विझवायला लावली असं सांगतात. खरं असो वा नसो, नगराध्यक्ष असावा तर असा.

ज्यांची घरं गेली अशी शेकडो कुटुंबं जुन्या रेल्वे बोगद्यात राहायलाच आली. गोणपाट, जुने गालिचे, फळकुटं यांचे आडोसे करून खोल्या पाडल्या. आमच्या मुंबईच्या चाळीची आठवण झाली. इथली माणसं भित्री झाली का? सकाळी उठून कामाला जात होती, संध्याकाळी परत येत होती. लंडनमध्ये तर लोकांनी भुयारी रेल्वेची तिकिटं काढून फलाटावर पथाऱ्या टाकल्या आणि सरकारला गप्प बसावं लागलं.

आपल्याकडे १९७१ चं पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. दादरच्या खिडक्यांना आईने काळा कागद चिकटवला, तो पुढे कित्येक महिने कुणी काढला नाही. भोंगा झाला की आम्ही कुठे जायचो? जिन्याखाली. जिन्याखाली आजोबांची सायकल आणि कोळशाचं पोतं. एवढाच आमचा निवारा.

युद्ध संपल्यावर बोगद्यांची तोंडं बुजवली आणि गाव ते विसरलं. पोरं मात्र विसरली नाहीत, फटी शोधून आत शिरत राहिली. मे २०१४ मध्ये ते रीतसर लोकांसाठी उघडले. भिंतींवर नावं कोरलेली आहेत. सौ. म्हणाली, "आपल्याकडच्या किल्ल्यांवर असं केलं की तुम्ही ओरडता." बरोबर आहे तिचं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाहेर आल्यावर तिला समुद्र दाखवला. बुटांना पांढरी धूळ लागली होती, मुलीने गाडीत बसायच्या आधी झटकायला लावली.

आपल्यापैकी कुणाच्या घरी ७१ चे ते काळे कागद, किंवा नगरपालिकेची त्या वेळची सूचनापत्रकं अजून असतील तर कमेंटमध्ये फोटो टाका. बघायला आवडेल.