आठवा, आठवा आणि पुन्हा आठवा!

रात्रीचा एक वाजून गेलाय. बेसमेंटमध्ये अर्धा ट्रे समोसे, टीव्हीचा आवाज बंद आणि मी. बायको वर जाताना म्हणाली, "ओरडायचंच असेल तर लिहून ओरड, पोरगी उठतेय." म्हणून लिहितोय. आज २०२४ च्या ड्राफ्टची पहिली फेरी होती: अमेरिकन फुटबॉलच्या टीमा ओळीने कॉलेजची पोरं निवडतात. आपली टीम, अटलांटा फाल्कन्स.

क्वार्टरबॅक घेतला, म्हणजे बॉल फेकणारा गडी. आपण. आठव्या नंबरवर. क्वार्टरबॅक!

अहो, कर्क कझिन्स हा क्वार्टरबॅक आणून जेमतेम दीड महिना झालाय. चार वर्षं, १८ कोटी डॉलर, त्यातले १० कोटी खात्रीचे, म्हणजे गडी खेळो न खेळो, मोजायचेच. नवरदेव पस्तिशीचा, टाचेवरची शीर तुटून शिवलेला. तरी आपण म्हटलं, असू दे, स्वभावाने गरीब आहे, घर सांभाळेल. अजून हळद उतरली नाही तर त्याच मांडवात दुसरा नवरदेव घोड्यावर! आणि पहिल्याला कळवलं कधी? आपल्या नंबरचं घड्याळ चालू झाल्यावर. दहा मिनिटं असतात, त्यात फोन केला म्हणे. त्याचा एजंट सांगत सुटलाय की आम्हाला आधी कल्पनाच नव्हती. आम्हाला तरी कुठे होती, बाबा?

सातव्या नंबरपर्यंत काय झालं ते बघा. केलेब विल्यम्स, जेडन डॅनियल्स, ड्रेक मे, मार्विन हॅरिसन ज्युनियर, जो ऑल्ट, मलिक नेबर्स, लॅथम. सातच्या सात ऑफेन्सचे, चढाईचे. डिफेन्सचा, बचावाचा एकही गेला नाही! मी खुर्चीवर उभा. सगळ्या देशातल्या कॉलेजांमधला हवा तो पास रशर, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा गडी, आपल्यासमोर मोकळा. दुकानाचं शटर वर जातंय आणि पहिलं गिऱ्हाईक आपण. डॅलस टर्नर घ्या, लाटू घ्या, जॅरेड व्हर्स घ्या, डोळे मिटून बोट ठेवा, तरी पदरात काहीतरी पडलंच असतं. आमच्या नागपूरकराने मोबाइल काढून ठेवला होता, माझी उडी टिपायला. तो व्हिडिओ आता तीन ग्रुपवर फिरतोय. त्यात नावं पुकारणारा लीगचा कमिशनर "मायकल" म्हणतो तेव्हा मी हवेत असतो, आणि "क्वार्टरबॅक" म्हणतो तेव्हा जमिनीवर बसलेला असतो. मधलं काही आठवत नाही.

मायकल पेनिक्स ज्युनियर. पुढच्या महिन्यात २४ पूर्ण करेल. कझिन्सचा करार संपेल तेव्हा २८ चा होत आलेला असेल. आपला जुना क्वार्टरबॅक मॅट रायन, त्याला आपण घेतलं तेव्हा तो २२ चा होता आणि पहिल्याच दिवशी मैदानात उतरला होता. हा पेनिक्स इंडियाना विद्यापीठात चार वर्षं होता आणि चारही हंगाम दुखापतीने अर्धवट. दोनदा तोच गुडघा, दोनदा खांदे. म्हणजे टाच शिवलेल्याच्या मागे गुडघा शिवलेला उभा. आपण टीम बांधतोय की हाडवैद्याचा ओटा?

आणि पुढचं ऐका, पुढचं ऐका. डिफेन्सचा पहिला खेळाडू गेला कितव्या नंबरवर? पंधराव्या! पहिले चौदा ऑफेन्सचे. असं आजवर कधी झालं नव्हतं. म्हणजे आपण खाली सरकून, वर आणखी पिक (निवडीचे हक्क) घेऊनसुद्धा हवा तो गडी आणू शकलो असतो. आणि टर्नर, ज्याचं नाव मी दोन महिने जपतोय, तो सतराव्या नंबरवर कुणाकडे गेला? मिनेसोटाकडे. ज्यांनी कझिन्सला सोडला त्यांच्याकडे! त्यांनी दहाव्यावर स्वतःचा क्वार्टरबॅकही घेतला आणि सतराव्यावर आपला पास रशरही नेला. आपण त्यांचा म्हातारा घेतला, १८ कोटी वर दिले, आणि येताना आपलं कुंपणही त्यांच्याकडे विसरून आलो.

पास रशरला कुंपणच म्हणायचं. मी अकोल्याकडचा. आमच्याकडे शेत किती का चांगलं असेना, कुंपण नसेल तर रात्रीतून रोही आणि रानडुकरं सगळं फस्त करतात. आपलं काय चाललंय? एक विहीर खोदली, मोटर बसवली, बिल अजून फेडायचंय, तर शेजारी दुसरी विहीर. कुंपण? बघू पुढच्या वर्षी.

हे "बघू पुढच्या वर्षी" कधीपासून चाललंय? २०२१ मध्ये आपल्या अख्ख्या टीमच्या सॅक, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला बॉल फेकायच्या आत पाडणं, होत्या १८. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या एकट्या टी. जे. वॉटच्या साडेबावीस. एका माणसाच्या! आणि या वॉटला २०१७ मध्ये कुणी सोडला होता? आपण. वर सरकण्यासाठी जास्तीची पिकं देऊन २६ व्या नंबरवर आलो आणि टॅकरिस्ट मॅकिन्लीला घेतलं. चार नंबरांनंतर वॉट गेला. मॅकिन्ली स्टेजवर आजीची भलीमोठी फ्रेम घेऊन आला होता, मी इथे डोळे पुसत होतो. पोरगा मनाने चांगलाच होता. पण आजीच्या फोटोने सॅक होत नाही हो.

नंबरचं तर विचारूच नका. आठवा, २००७ मध्ये आठव्यावर जमाल अँडरसन, पहिल्या हंगामात सॅक शून्य. आठवा, २०१५ मध्ये आठव्यावर विक बीझली, एक वर्ष दिवाळी आणि मग दिव्यात तेलच नाही. त्याची ४४ नंबरची जर्सी माझ्याकडे आहे, गाडी पुसायला. २०२२ ला आठवा ड्रेक लंडन, २०२३ ला आठवा बिजान रॉबिन्सन, २०२४ ला आठवा हा. बरं, आठवाच का? कारण ओळीने तीन वर्षं सात जिंकले, दहा हरले: ७-१०, ७-१०, ७-१०. धड वाईटही होता येत नाही आपल्याला. नीट हरलो असतो तर निदान पहिला-दुसरा नंबर मिळाला असता. काठावर पास होणाऱ्या पोरासारखं, ना शाबासकी, ना फेरपरीक्षा.

आपले जनरल मॅनेजर फॉन्टेनोसाहेब आधी आपल्या वैऱ्यांच्या, न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या ऑफिसात होते हे मी नुसतं आपलं सांगून ठेवतो. बाकी मी काही म्हणत नाही.

आता ऑफिसात उद्या काय होणार तेही सांगतो. एक जण येईल आणि म्हणेल, "आयपीएलच्या लिलावासारखंच ना रे हे?" नाही! लिलावात पैसे संपले की गप्प बसावं लागतं. इथे सगळ्यात भिकार टीमला सगळ्यात आधी निवडायला देतात, आणि आपल्याला तेवढंही पचत नाही. दुसरा येईल न्यू ऑर्लिन्सचा. तो काही बोलणार नाही. नुसती दोन बोटं कपाळाला लावून जाईल. आणि तिसरे ते परीक्षक, ज्यांनी काल रात्रीच मार्क वाटून टाकलेत: याला ए, त्याला बी प्लस. अरे पोरांनी अजून हेल्मेट घातलेलं नाही! अंकुर फुटायच्या आत पीकपाहणी करणारी ही जमात मला लहानपणापासून आवडत नाही. (आपल्याला त्यांनी नापास केलंय ते बरोबर आहे, तो भाग वेगळा.)

"ग्रीन बेने असंच केलं होतं" म्हणणाऱ्यांनी तर माझ्यासमोर येऊच नये. त्यांच्याकडे जुन्या क्वार्टरबॅकच्या मागे नवा शिकत बसतो: रॉजर्सच्या मागे लव्ह बसला, फार्वच्या मागे रॉजर्स बसला, म्हणून म्हणे पेनिक्सही बसेल. ठीक. आणि तो फार्व मुळात कुणी ड्राफ्ट केला होता? आपण! १९९१, दुसरी फेरी. वर्षभरात ग्रीन बेला देऊन टाकला. त्यांच्या या परंपरेचं बियाणंच आपल्या कोठारातलं आहे.

त्या फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलबद्दल, पॅट्रिअट्सविरुद्धच्या फायनलबद्दल, मी बोलणार नव्हतो. पण पुणेकर आज इथे बसला होता, पॅट्रिअट्सची टोपी घालून, आणि पेनिक्सचं नाव आल्यावर अगदी शांतपणे म्हणाला, "तुमच्याकडे निर्णयप्रक्रिया रोचक असते." रोचक! तेव्हा आपण २८-३ ने पुढे गेल्यावर मी अकोल्याला फोन लावला होता. तिकडे सोमवारची सकाळ. सांगितलं, आई, जिंकलो. आईने गजानन महाराजांपुढे पेढा ठेवला, शेजारी वाटले. ३४-२८ ने हरलो तेव्हा पेढे संपले होते. ज्याने तो पेढा कडू केला तो पॅट्रिअट्सचा तेव्हाचा कोच बेलिचिक यंदा आपल्या दारात नोकरी मागायला दोनदा आला, दोनदा मुलाखत घेतली, आणि नाही घेतला. त्याच्याऐवजी कोच केलेला मॉरिस चांगला माणूस आहे, मला आवडतो. पण मॅट रायनला असंच नाही का, डिशॉन वॉटसन या दुसऱ्या क्वार्टरबॅकच्या मागे धावता धावता दुखवला आणि एका तिसऱ्या फेरीच्या पिकवर इंडियानापोलिसला पाठवून दिला? वॉटसन क्लीव्हलँडला गेला. देवाची कृपा. पण ती देवाची, आपली नव्हे.

खरं म्हणजे दोष माझाच. मी २००७ च्या ऑगस्टमध्ये अटलांटात उतरलो. त्याच महिन्यात आपल्या तेव्हाच्या क्वार्टरबॅकने, मायकल विकने, कुत्र्यांच्या झुंजीचा गुन्हा कबूल केला. एखाद्या शहाण्या माणसाने तेव्हाच सामान उचलून डॅलस गाठलं असतं. मी कपाटात आठ जर्सी केल्या. शेवटची मार्चमध्ये आली, कझिन्स, १८ नंबर. लेबल अजून तसंच आहे. परत करता येते का ते पाहिलं, मुदत परवा संपली.

साडेदहाला आईचा फोन आला. आज तिकडे मतदान, सातलाच जाऊन आली. शाई लावलेल्या बोटाचा फोटो आधीच पाठवला होता.

"काऊन रे, आवाज असा काऊन येऊन राह्यला?"

"आमच्या टीमने चुकीचा पोरगा घेतला, आई."

"मंग पहिला गेला काय?"

"नाही, तोही आहे."

"दोघं बी? अन् खेळन कोन?"

"एकच खेळतो."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "आम्हाले तं जे उभे राह्यले त्यातूनच घ्या लागते. तुमाले तं सारेच मोकळे होते नं बाप्पा!"

यावर काय बोलणार? बीपीची गोळी घेतली का विचारून फोन ठेवला. तिने मला विचारलं. मी तिला नाही.

एक कबुली देऊन टाकतो. गेला दीड तास मी पेनिक्सचे व्हिडिओ बघतोय, दीडपट वेगाने. डावखुरा आहे. टेक्सासविरुद्ध ४३० यार्ड फेकले त्याने, आणि काही बॉल असे गेलेत की पकडणाऱ्याला हात फक्त उघडायचे होते. गाढवाचा हात चांगला आहे. फारच चांगला आहे. त्याने माझा राग कमी झालेला नाही, उलट वाढलाय, कारण आता मला चार वर्षं हे मनातल्या मनात ठेवून कझिन्सच्या नावाने टाळ्या वाजवायच्या आहेत. आणि कुंपण अजूनही नाहीच.

संध्याकाळी सातला दुसरी फेरी. आपला नंबर ४३. नागपूरकराने घरी बोलावलंय. मी येणार नाही म्हणून स्पष्ट कळवलं. समोसे उरलेत बरेच, तेवढे पोचवायला जाईन.