काका, पलीकडच्या काठावरून बघा

नमस्कार काका (सहीच 'फोंड्याचा काका' अशी केलीत, मग दुसरं काय म्हणणार?),

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. बाकीच्यांसाठी तिचा गाभा सांगते. विला रियाल द सांतो आंतोनियोवर (पोर्तुगालच्या दक्षिणेला, ग्वादियाना नदीकाठी, स्पेनच्या सीमेवरचं गाव) मी उगाच पानं भरली. ते गाव म्हणजे "पट्टीने आखलेल्या गल्ल्या आणि टॉवेलांची दुकानं", दोन तासांत तुम्ही कंटाळून निघालात. "रिकाम्या वाळूवर उभारलेलं शहर" हे माझं वाक्य खोटं आहे. आणि ते वसवणाऱ्या पोंबालचं (अठराव्या शतकातला पोर्तुगालचा सर्वेसर्वा मंत्री) कौतुक निदान गोव्याच्या वाचकाला तरी ऐकवू नये.

आधी माझ्या चुकीबद्दल बोलू. वाळू रिकामी नव्हती, हे तुमचं बरोबर आहे. ग्वादियानाच्या मुखाशी पूर्वी सांतो आंतोनियो द आरेनिल्या नावाची वस्ती होती. ती समुद्राने आणि वाळूने गिळली, नवं गाव तिचंच नाव पुढे चालवतं. पण खरी गोष्ट तीन-चार किलोमीटर पश्चिमेला, मोंते गोर्दोच्या किनाऱ्यावर घडली. तिथे कोळ्यांच्या झोपड्या होत्या, आपल्याकडच्या रापणीसारखी जाळी ओढून तारली पकडायचे, खारवायचे आणि विकायचे. धंद्यात स्पेनकडचे, त्यातही कातालान व्यापारी पुष्कळ होते, आणि माल जकात चुकवून नदीपार व्हायचा. लिस्बनला बसलेल्या पोंबालला हेच खुपत होतं. 30 डिसेंबर 1773 ला राजा जोझे पहिला याच्या नावाने नवं गाव वसवायचा हुकूम निघाला. कोळ्यांनी तिकडे राहायला जावं, मासळी तिथेच उतरवावी, जकात तिथेच भरावी. ते हलेनात तेव्हा मोंते गोर्दोच्या झोपड्या जाळल्या. तरीही बरेच जण नव्या सरळ रस्त्यांवर न येता नदी ओलांडून स्पेनमध्ये, आजच्या इस्ला क्रिस्तीनाकडे निघून गेले. मूळ लेखात मी रेषांचं वर्णन केलं आणि ही राख गाळली. ते चुकलंच.

आता कंटाळ्याबद्दल. काका, तुम्ही ते गाव चुकीच्या काठावरून पाहिलंत असं मला वाटतं.

समोर अयामोंते आहे, स्पेनचं जुनं गाव, टेकडीवर वेडंवाकडं चढत गेलेलं. पोंबालने आपलं गाव त्याच्या नाकासमोर मांडलं. नदीकाठी एका उंचीची, एका वळणाची घरं ओळीने, मधोमध जकात कचेरी, दोन्ही टोकांना मनोऱ्यासारखी इमारत. मागच्या गल्ल्यांत मात्र बैठी, साधी घरं. पैसा आणि नक्षी नदीकडच्या बाजूला आणि चौकात, कारण बघणारा पलीकडे होता. दुकानाच्या दर्शनी पाटीवर खर्च करावा आणि माडीचा जिना तसाच ठेवावा, तसं. गल्लीत उभं राहून पाटी कशी दिसणार? फेरीबोटीने पंधरा-वीस मिनिटांत अयामोंतेला उतरा (घड्याळात मात्र एक तास जास्त जातो, स्पेनची वेळ पुढे आहे) आणि मागे वळा. मला तो आराखडा कळला तो तिथल्या धक्क्यावर. सीमेवर तोफा ठेवायच्या ऐवजी या माणसाने शिस्तीत उभी केलेली घरं ठेवली.

वेगही बघा. पहिला दगड 17 मार्च 1774 ला बसला, उद्घाटन 13 मे 1776 ला झालं. 13 मे हा पोंबालचा वाढदिवस! वास्तुरचना रेनाल्दो मानुएल दुश सांतुश यांची, लिस्बन 1755 च्या भूकंपानंतर ज्या पद्धतीने उभं राहिलं तिच्याच वळणाची. आपल्याकडे एखादा पूल नेत्याच्या वाढदिवसाची वाट बघत अडून राहतो, तेव्हा मला हमखास हे आठवतं. चौकात राजाच्या नावाचा उंच स्तंभ आहे, त्याच्यापासून काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे सूर्यकिरणांसारखे पसरतात, कडेने संत्र्याची झाडं. राजा फेब्रुवारी 1777 मध्ये गेला आणि पोंबालची सत्ताही गेली. गाव वर्षाचंही नव्हतं. कोळी यायला तयार नाहीत आणि आश्रयदाता गेलेला, त्यामुळे ते कितीतरी वर्षं अर्धं रिकामं राहिलं. जीव आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ट्यूना आणि तारली डबाबंद करायचे कारखाने निघाले तेव्हा. म्हणजे शेवटी मासळीनेच वाचवलं, हुकमाने नाही. आज त्यातले बहुतेक कारखानेही नाहीत, 1991 मध्ये नदीवर पूल झाला, नंतर नाकाही उठला, आणि स्पेनची माणसं स्वस्त चादरी-टॉवेल घ्यायला येऊ लागली. तुम्हाला टोचलेली टॉवेलांची दुकानं हा त्या जकात कचेरीचा नातूच समजा.

"लक्षात राहावं असं कुणी तिथे झालं नाही" असंही तुम्ही ओघात लिहिलंत. आंतोनियो आलेशो हा लोककवी 1899 मध्ये याच गावात जन्मला. शिक्षण जेमतेम, लॉटरीची तिकिटं विकायचा, चार ओळींत समोरच्याला गार करायचा. एवढं पुरे.

राहिला पोंबाल आणि गोवा. कौतुक मी आराखड्याचं केलं होतं, माणसाचं नव्हे, पण तो फरक लेखात नीट उतरला नाही. हा तोच माणूस, ज्याने विरोधकांना भर चौकात हालहाल करून मारलं. त्याच राजवटीने 1761 मध्ये आशियातल्या ख्रिस्ती प्रजेला कायद्याने पोर्तुगीजांच्या बरोबरीचा दर्जा दिला (हिंदूंना नाही, हे ध्यानात ठेवून) आणि 1774 मध्ये गोव्यातलं इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) बंद केलं. तो पडल्यावर 1778 मध्ये ते परत आलं, कायमचं गेलं ते 1812 ला. आणि तुम्ही फोंड्याचे म्हणून हे मुद्दाम सांगते: ज्या 1774 मध्ये ग्वादियानाकाठी दगड बसला, त्याच वर्षी पोंबालने ओसाड पडत चाललेलं जुनं गोवं पुन्हा बांधायचेही आदेश धाडले होते. काम सुरू झालं, पण रोगराईने मजूर मरू लागले आणि ते सोडून द्यावं लागलं. राजधानीचा मान अखेर 1843 मध्ये पणजीला मिळाला. ग्वादियानाच्या वाळूवर जे जमलं ते मांडवीकाठच्या तापात जमलं नाही. म्हणून मला वाटतं, गोव्याच्या वाचकाने ते गाव जरूर बघावं. आपल्या वाट्याला न आलेलं शहर कसं दिसलं असतं, याचा थोडा अंदाज तिथे येतो.

मूळ लेखातलं "रिकाम्या वाळूवर" आज काढलं आहे आणि मोंते गोर्दोचा परिच्छेद घातला आहे. पुन्हा गेलात तर सकाळी फेरी धरा, ऊन त्या घरांच्या मागे जायच्या आधी. टॉवेलांबद्दल एवढंच, की मी दोन घेतले होते, अजून वापरात आहेत.