दरडोई उत्पन्न वाढलं, मग पाहण्या कशाला?

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतोय. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न वाढलं की जीवनमान आपोआप सुधारतं, महाराष्ट्र पुढारलेलं राज्य आहेच, तेव्हा घरोघरी फिरून पाहण्या करणं म्हणजे पैशाची नासाडी, असं त्यात म्हटलंय. मला यातलं जवळजवळ काहीच पटत नाही.

आधी ते ‘आपोआप’. कोल्हापूर म्हणजे ऊस, दूध, साखर कारखाने; पैशाला तोटा नाही. २००१च्या जनगणनेत तिथे शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. राज्याचा आकडा ९१३. सोनोग्राफीचा खर्च परवडू लागला आणि मुली जन्मायच्या आधीच गेल्या. दरडोई उत्पन्नाच्या तक्त्यात हे कुठे दिसतं?

‘पुढारलेलं राज्य’ ही तर नुसती सरासरी. २०१२च्या राज्य मानव विकास अहवालात मुंबईचा मानव विकास निर्देशांक, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न मिळून काढलेला शून्य ते एकमधला आकडा, ०.८४१ आहे आणि नंदुरबारचा ०.६०४.

आता ‘नासाडी’. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं सर्रास काढली जातात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण कागदावर आकडा नव्हता. २०१९मध्ये मोजणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक! ही नुसती कुजबूज नाही, हे दिसलं ते या आकड्यामुळे.

एक तक्रार मात्र रास्त आहे. अंगणवाडीताईंवर माहिती भरायचं ओझं फार आहे, आणि नेमकं हवं ते त्यात सुटतं. दिवाळीच्या आसपास आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, मूलही त्यांच्याबरोबर उसाच्या फडावर जातं. गावातल्या वहीत त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ एवढंच लागतं आणि वजनाचा रकाना पाच-सहा महिने कोरा राहतो. ज्या महिन्यांत ते पाचटाच्या खोपीत, थंडीत, वेळी-अवेळी खाऊन दिवस काढतं, नेमके तेच महिने. पाहण्या बंद करा म्हणण्यापेक्षा ती वही फडापर्यंत न्या, असं म्हणा. कारखान्याच्या गाळपाची रोजची नोंद होते, मग तिथल्या खोपीतल्या मुलाचं वजन महिन्यातून एकदा का होऊ नये?