केबलची वायर सोलून तांबं विकायचं? आधी चुंबक लावा

टीव्हीच्या जुन्या केबलबद्दल एक सल्ला हातोहात फिरतोय: ‘काळ्या वायरीत शुद्ध तांबं असतं. 100 मीटरचं बंडल सोललंत की किलोभर तांबं, किलोला 800 रुपये. वरची जाळीही तांब्याचीच, नुसती कलई केलेली. सोलायचा कंटाळा असेल तर जाळून टाका.’ चार वाक्यं, आणि चारही तपासल्याशिवाय घेऊ नयेत अशी.

‘शुद्ध तांबं असतं’

डीटीएच आणि केबल टीव्हीसाठी घरोघर ओढलेली वायर म्हणजे आरजी-6. ही कोॲक्सिअल जातीची: मधे एक तार, तिच्याभोवती फोम, त्यावर फॉइल आणि जाळी, सगळ्यात वर प्लास्टिक. तिची मधली तार 1.02 मिमी जाडीची. ती बहुतेकदा पोलादाची असते आणि वर तांब्याचा मुलामा. यात लबाडी नाही. उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागातूनच वाहतो: 50 मेगाहर्ट्झला तांब्यात साधारण 9 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) खोलीपर्यंत, 900 मेगाहर्ट्झला जेमतेम 2. म्हणजे 30 मायक्रॉनचा मुलामा सिग्नलला पुरून उरतो, आणि पोलादामुळे खांबावरून लोंबणारी वायर ताण सोसते.

तपासायला मिनिटही लागत नाही. टोकाची बोटभर तार मोकळी करा, चुंबक लावा. चिकटला तर पोलाद, विषय संपला. नाही चिकटला तरी लगेच हुरळू नका. टोक कानशीने घासा. आतून पांढरं निघालं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. सीसीटीव्हीच्या स्वस्त ‘थ्री प्लस वन’ वायरीत (तीन साध्या तारा आणि एक कोॲक्सिअल) हे नेहमी सापडतं. नुसतं पकडीने कापून पाहू नका, कारण पक्कड मुलामा ओढून कापावर पसरवते आणि टोक लालसर दिसतं. फसतात ते इथेच.

‘100 मीटरला किलोभर’

हिशेब करू. तार खरंच संपूर्ण तांब्याची असली तरी 1.02 मिमीचं तांबं मीटरला 7.3 ग्रॅम, म्हणजे 100 मीटरला 730 ग्रॅम. किलो होतच नाही. पोलादी तारेत तांबं शेकडा बारा भाग धरलं तर 100 मीटरमागे 90 ग्रॅमच्या आसपास. तेही पोलादाला असं चिकटलेलं की घरी सुटं होणार नाही. भंगारवाला ती तार लोखंडातच टाकेल. पाऊण किलोच्या आत लोखंड, किलोला 30 रुपये धरले तर वीस रुपये.

आणि वेळ? बाहेरचं पीव्हीसी सुरीने उभं चिरून निघतं. आतला पांढरा फोम मात्र तारेला घट्ट धरून असतो, फॉइल फोमला चिकटलेली असते. मीटरला एक मिनिट धरा, तरी पावणेदोन तास गेले. त्यात ब्लेड घसरून बोट कापायची भीती वेगळीच.

‘जाळीही तांब्याची’

आरजी-6 ची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते. कलई केलेलं तांबंही तसंच रुपेरी दिसतं, म्हणून गोंधळ होतो. जाळीची एक वेणी ब्लेडने खरवडा: खाली लाल दिसलं तर तांबं. दुसरी खूण, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने साधं सोल्डर लावून पाहा. कलईवर झटकन पसरतं, ॲल्युमिनियमवर गोळी होऊन घरंगळतं. 100 मीटरच्या जाळीतून तीनेकशे ग्रॅम ॲल्युमिनियम मिळेल, पण केसासारख्या तारांना भरीव ॲल्युमिनियमचा भाव कोणी देत नाही.

‘जाळून टाका’

हा सल्ला सर्वांत वाईट. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा झोंबणारा वायू निघतो, डायॉक्सिन नावाची विषारी रसायनंही तयार होतात. ॲल्युमिनियमची बारीक जाळी जळून राख होते. तांबं काळं पडतं आणि जळक्या तांब्याला भाव कमी. शिवाय उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये 5,000 रुपयांचा दंड ठेवला आहे. जाळून पोलादाचं तांबं होत नाही ते नाहीच.

मग कोॲक्सिअल सोलणं कधी परवडतं? आरजी-213 या जाड कोॲक्सिअल वायरीत 0.75 मिमीच्या सात तांब्याच्या तारा असतात, जाळीही तांब्याची. 100 मीटरला 7 किलोच्या घरात तांबं. रेडिओ स्टेशनच्या, वायरलेसच्या जुन्या सामानात ती सापडते. त्याहून सरस मोबाइल टॉवरवरचा पाऊण-एक इंची फीडर, म्हणजे अँटेनापर्यंत सिग्नल नेणारी जाड केबल: बाहेरची नागमोडी नळी तांब्याची, जाड फीडरात मधली नळीही. पण अलीकडे ॲल्युमिनियमच्या नळीचे फीडरही आलेत, तेव्हा इथेही आधी खरवडून बघायचंच. टॉवरचा माल घेताना बिल किंवा मालकाचं पत्र मागा, नाहीतर चोरीचा माल बाळगल्याचं लचांड मागे लागेल. आणि खांबावरची केबल ‘बंद असेल’ म्हणून कापू नका; ट्रंक लाइनवर, म्हणजे मुख्य केबलवर, सिग्नल वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरसाठी वीज सोडलेली असू शकते.

आरजी-6 पडून असेल तर न सोलता केबलच्या भावाने द्या. देण्याआधी टोकांचे पितळी कनेक्टर मात्र कापून घ्या. पितळेचा भाव वेगळा मिळतो, आणि ते काढायला सोलण्यासारखा वेळ लागत नाही.